ओल्या ताण्याखालून ट्राम

वामन साळी चालायचा फार छान. आता चालण्याचं काय ते कौतुक, असं तुम्ही म्हणाल. पण बुऱ्हाणपूरच्या बाजारातून एकदा चालून दाखवा, मग बोलू. इकडून कापसाची गाडी, तिकडून डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया, मध्ये ऐसपैस बसलेली गाय, आणि भर रस्त्यात उभं राहून एकमेकांची खुशाली विचारणारी मंडळी. आमच्या गावच्या माणसाला बाजूला व्हा म्हटलं की तो आधी वळून बघणार, कोण म्हणालं ते ओळखणार, त्याच्या काकाच्या गुडघेदुखीची चौकशी करणार, आणि मग मनात आलं तर सरकणार. या सगळ्यातून वामन एका चालीने जायचा. पाऊल लांब नाही, आखूड नाही, थांबणं नाही की पळणं नाही.

ही चाल त्याला पाजणीने दिली होती. लुगड्याचे उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर चढवायच्या आधी त्यांना खळ पाजावी लागते, नाहीतर विणताना धागा पटापट तुटतो. त्यासाठी सगळा ताणा गल्लीत लांबच्या लांब ताणून धरायचा, खाली जागोजागी टेकूला काठ्यांच्या कैच्या लावायच्या, आणि दोन माणसांनी दोन बाजूंनी कुंचे घेऊन खळ पाजत चालायचं. दोघांचं पाऊल एक पाहिजे, हाताचा जोर एक पाहिजे. एक पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला तर खळ एका बाजूला साकळते आणि धाग्याला धागा चिकटतो. वामन आणि त्याचा थोरला भाऊ पंडित ही जोडी साळ्यांच्या गल्लीत नावाजलेली होती. आई-बाप लवकर गेले. पंडितने वामनला वाढवलं, आणि लग्न होऊन रंभाबाई घरात आल्या तेव्हा त्यांना नवऱ्याबरोबर एक दीरही वाढवायला मिळाला. त्यांनी कधी कुरकुर केली नाही.

पाजणी सकाळचीच. ऊन चढलं की धागा कडक होतो, वारा सुटला की धूळ बसते. आणि एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ओला ताणा कोणी पार करायचा नाही. वरून नाही, खालून नाही. वळसा घालून जायचं. ओल्या ताण्यावरून किंवा खालून माणूस गेला तर त्या लुगड्याला दोष लागतो, ते लुगडं नवरीला नेसवत नाहीत, असं साळी मानत. मूळ कारण पायाची धूळ असेल किंवा डोक्याचं तेल असेल, मला काय माहीत. पण वामन लहान असताना एकदा खेळताखेळता ताण्याखालून पलीकडे पळाला होता, तेव्हा पंडितने त्याच्या अशी एक ठेवून दिली होती की पोराच्या गालावर संध्याकाळपर्यंत वळ होता. त्यानंतर त्याला पुन्हा सांगावं लागलं नाही.

आता अडचण अशी की ताणा लांब आणि गल्ली आखूड. म्हणून ताण्याच्या टोकाला दोर बांधून तो दोर मोठ्या रस्त्यावरून आडवा पलीकडे न्यायचा, आणि तंबाखूच्या दुकानाच्या ओट्याशी जो खुंट होता त्याला आवळायचा. हा मोठा रस्ता म्हणजे शनवारा दरवाज्यातून आत येऊन चौकाकडे जाणारा. दोरालाही ताण्याचाच नियम. सकाळच्या वेळी गावातला प्रत्येकजण, मग तो सराफ असो की भिश्ती, दोर दिसला की तंबाखूवाल्याच्या ओट्यावर चढायचा, खुंटामागून जायचा आणि पुढे उतरायचा. तंबाखूवाल्याचा धंदा त्यामुळे बरा चालत होता. बैलगाड्या थांबून राहत. कोणाच्या पोटात दुखत नव्हतं.

अशा या रस्त्यावरून ट्राम आली.

हा काळ इंग्रजी अमलाचा. आगगाडीचं स्टेशन लालबागला, गावापासून चांगलं लांब. उन्हातान्हात, चिखलात लोकांचे हाल. तेव्हा एका कंपनीने स्टेशनापासून शनवारा दरवाज्यापर्यंत रूळ टाकून दोन घोड्यांची ट्राम सुरू केली. गावाला ती आवडली. मग कंपनी म्हणाली, दरवाज्याच्या आत, थेट चौकापर्यंत येतो. आत आली आणि पहिल्याच पंधरवड्यात लोकांनी बोंब मारली. रूळ आगगाडीसारखे जमिनीच्या वर उभे होते. गाड्यांची चाकं अडकायला लागली, पाण्याच्या बाया ठेचकाळून पडायला लागल्या, एका वरातीत नवरदेवाचं घोडंच अडखळलं. गावच्या कमिटीने कंपनीच्या इंजिनिअर साहेबाला बोलावलं. साहेब शहाणा निघाला. त्याने हुज्जत घातली नाही. रूळ उपटले, खाली खोल बसवले, दोन्ही अंगांनी घडीव दगड लावले, आणि रस्ता असा सपाट करून दिला की अनवाणी पायाला रूळ कुठे सुरू होतो ते कळू नये. पूर्वी चिखलातून जाणारे लोक आता आवर्जून रुळाच्या पट्टीवरून चालायला लागले. घ्या आता! ट्रामसाठी केलेला रस्ता गावाने पायाखाली घेतला.

त्यामुळे दुसरा नियम करावा लागला. दरवाज्याच्या आत घोड्यांनी पळायचं नाही, माणसाच्या चालीने चालायचं, आणि घोड्यांच्या पुढे रुळांवरून एका माणसाने घंटी वाजवत जायचं. घंटीवाला रुळांवर आहे तोवर कोचमनने त्याच्या मागे राहायचं. तो रुळांवरून बाजूला झाला की रस्ता मोकळा समजायचा आणि घोडे सोडायचे. साधी खूण, कोणालाही कळेल अशी.

अशी चाल असलेला माणूस गावात कोण, तर वामन. त्याला कंपनीने विचारलं आणि तो हो म्हणून बसला.

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. एका मागावर दोन भावांनी किती दिवस बसायचं, असं वामनचं म्हणणं. त्यात चूक काय होती? माग एक, विणणारा पंडित, वामनच्या वाट्याला नुसती पाजणी आणि कांड्यांवर सूत भरणं. पण पंडितला ते लागलं. साळ्याचा मुलगा कंपनीच्या घोड्यांपुढे घंटी बडवत जाणार, तीही आपल्याच गल्लीच्या तोंडावरून, हे त्याला सहन होईना. तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने बोलणंच टाकलं. एका घरात राहायचं, एका ताटलीतली चटणी खायची, आणि काही सांगायचं असलं तर रंभाबाईंकडे बघून सांगायचं. "त्याले म्हणावं दार लोटून घे." वामन हातभर अंतरावर उभा असायचा. रंभाबाईही बिलंदर, त्या म्हणायच्या, माझ्या तोंडाला काही भाडं मिळतं का तुमच्याकडून?

तरी पाजणी सुटली नव्हती. सकाळची ट्राम तेव्हा ऊन वर आल्यावर यायची. वामन पहाटे उठून भावाबरोबर पाजणी करायचा, मुक्यानेच, पण पावलाला पाऊल लावून. मग हात धुऊन, कंपनीचा लाल पट्टा बांधून घंटी घ्यायला जायचा. कुंचा हातात असला की दोघांना बोलायची गरज नव्हती. रंभाबाईंना वाटायचं, चला, एवढं तरी आहे.

आणि मग मेलची वेळ बदलली. आगगाडी लवकर यायला लागली म्हणजे ट्रामही लवकर निघणार. सकाळी ती लालबागहून रिकामी चौकात यायची आणि मेलचे उतारू घेऊन परत जायची. येताना ताणा बांधलेला नसायचा, पण परत जाताना नेमकी पाजणीची वेळ. आता वामन पहाटेच कामावर. पंडितच्या समोरचा कुंचा रंभाबाईंनी उचलला.

गल्लीने वामनला विचारलं, आता रे कसं? वामनने सांगितलं की त्यात काय, मी दोराशी आलो की रुळांवर थांबेन. मी थांबलो की घोडे थांबतात. ताणा सुकेपर्यंत उतारू कुरकुर करतील, करू देत. कोचमन लीलाधर खंडव्याकडचा, नवीन होता, त्यालाही त्याने हे समजावलं. लीलाधर म्हणाला, ठीक है, तुम रुके तो हम रुके. सगळं ठरलं.

नव्या वेळेच्या पहिल्याच सकाळी मोठ्या रस्त्यावर पंडितचाच दोर होता. मोतीलाल शेठ कापडवाल्याने लग्नसराईसाठी नवरीची लुगडी सांगितली होती, बारीक सुताची, रेशमी काठाची. तो ताणा गल्लीभर पसरला होता. ट्राम चौकातून निघाली, पुढे वामन, मागे घोडे. दोर जवळ आला तसं वामनने सहज गल्लीत पाहिलं. रंभाबाई कुंचा धरून चालत होत्या आणि त्यांचं पाऊल चुकत होतं. पंडित दर थोड्या वेळाने थांबत होता, त्या येईपर्यंत. वर्षानुवर्षं जिथे वामन चालला तिथे वहिनी धडपडत होत्या, आणि भाऊ चिडत नव्हता, नुसता थांबत होता. वामनचे डोळे तिकडे, मन तिकडे, आणि पाय? पायांनी जे जन्मभर केलं तेच केलं. दोर आला, पाय वळले. तो रुळांवरून उतरला, तंबाखूवाल्याच्या ओट्यावर चढला, खुंटामागून गेला आणि पलीकडे उतरून पुन्हा रुळांवर चालायला लागला.

लीलाधरने काय पाहिलं? घंटीवाला बाजूला झाला. म्हणजे रस्ता मोकळा. समोरून कोवळं ऊन डोळ्यांवर, दोर बोटाएवढा जाड. त्याने लगाम सैल सोडला.

टापांचा आवाज बदलला तेव्हा वामन भानावर आला. तो वळून धावत सुटला आणि दोराशी येऊन थांबला. पलीकडून घोडे येत होते. दोरावरून एक उडी मारली असती तर तो त्यांच्या तोंडाशी पोचला असता. नाही मारली. मारता आली नाही. त्याने हात वर केले, ओरडला, पण पाय दोराच्या अलीकडेच राहिले. घोड्यांच्या छातीला दोर लागला, ते बिचकून पुढे उसळले, आणि दोराबरोबर अख्खा ताणा फरफटत गल्लीतून रस्त्यावर आला. ओले धागे धुळीत लोळले, काठ्या उलथल्या. रंभाबाई कुंचा घेऊन तशाच उभ्या. पंडित खाली बसला आणि हाताने धागे गोळा करायला लागला, जसं काही त्यांचं आता काही होणार होतं. वामन मदतीला वाकला तर त्याने त्याचा हात बाजूला सारला, आणि त्या दिवसापासून रंभाबाईंकडूनही निरोप यायचे बंद झाले.

गल्लीत दोन तट पडले नाहीत, एकच पडला. वामनने कंपनीचं मीठ खाल्लं आणि भावाच्या ताण्यावरून घोडे नेले, असं जो तो म्हणू लागला. काही बाया तर त्याला पाहून तोंड फिरवायच्या. कंपनीतही कोणी त्याची पाठ थोपटली नाही. तिथे म्हणे की हा साळी, साळ्यांना फितूर, मुद्दाम बाजूला झाला म्हणजे ट्रामवर बालंट येईल. बिचारा दोन्हीकडून भरडला गेला. खरं काय ते त्याने एकट्या वहिनीला सांगितलं. त्या म्हणाल्या, सांगायची गरज नाही भाऊजी, मी तुमचे पाय बघत होते. पण बाईमाणसाची साक्ष काढतंय कोण?

मग कमिटी बसली. मोतीलाल शेठ कमिटीत होते, आणि ताण्याचं सूतही त्यांचंच होतं, त्यामुळे ते तापलेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. रस्ता जाण्यायेण्यासाठी आहे, ताणे बांधायला नाही. ट्राम गावाच्या सोयीची, मेल काही साळ्यांसाठी थांबत नाही. दोर बंद करा. हे झालं असतं तर गल्लीचा निकालच लागला असता. आखूड गल्लीत पूर्ण ताणा मावत नाही, आणि गावाबाहेर माळावर न्यावा तर तिथे वारा. गल्लीतली म्हातारी माणसं भिंतीला टेकून ऐकत होती, आणि सगळ्यांचे डोळे वामनवर. दोर दिसत नव्हता, कोचमनची चूक नाही, असं तो म्हणाला असता तर त्याची नोकरी राहिली असती आणि दोर गेला असता. एवढं त्यालाही कळत होतं.

कंपनीच्या साहेबाने त्याला मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत विचारलं, तुमने लाइन क्यों छोड़ा?

वामन म्हणाला, "साहेब, चूक माझी आहे. दोराची नाही. ओला ताणा आम्ही पार करत नाही. पाय आपोआप वळले."

कमिटीतले दोघे-तिघे हसले. मोतीलाल शेठ हसले नाहीत. ते बुऱ्हाणपूरचेच, जन्मभर त्याच ओट्यावरून चढून-उतरून गेलेले. त्यांनी पागोटं उगीचच सारखं केलं आणि दोर बंद करायचं पुन्हा काढलं नाही. पंडित मागे उभा होता. त्याने वामनकडे पाहिलं, बऱ्याच महिन्यांनी सरळ पाहिलं.

साहेबाने वामनला कामावरून काढलं नाही, एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी स्वतः पट्टी घेऊन रस्त्यावर आला, ट्रामच्या टपाची उंची मोजली, ओट्याशी आणि गल्लीच्या तोंडाशी दोन जागा खडूने आखल्या. त्याचा बेत असा की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन उंच सागवानी खांब रोवायचे, वर कप्प्या लावायच्या आणि दोर त्यांवरून न्यायचा. ताण्याचं टोक गल्लीत चढत जाईल, दोर ट्रामच्या टपावरून जाईल, खालून माणसं, गाड्या, घोडे बिनधास्त जातील. कोणाला थांबायला नको, कोणाला ओट्यावर चढायला नको. तंबाखूवाला सोडून सगळ्यांना पटलं.

म्हणजे पटलं आणि पटलंही नाही. गल्लीत त्यावर केवढी भवती न भवती झाली! खालून जायचं म्हणजे ओला ताणा पार करणंच झालं ना? एक म्हातारबुवा म्हणाले, घोडं जनावर आहे, त्याला कसला दोष लागतो. दुसरे म्हणाले, आत उतारू बसलेले असतात त्यांचं काय? त्यावर असं ठरलं की उतारू बसलेले असतात, चालत नसतात, आणि परगावची माणसं तर आपली नव्हेतच. माणसाला पाहिजे ते बरोबर सापडतं. चालत जाणाऱ्यांनी ओट्यावरूनच जावं. पण पहिला ताणा कोण देणार? जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. कमिटीने बजावून ठेवलं होतं की एकदाच करून बघू, गाडी अडली तर दोर कायमचा बंद. तेव्हा पंडित म्हणाला, माझा बांधा. मोतीलाल शेठकडून नवं सूत आलं होतं, पुन्हा नवरीच्याच लुगड्याचं. रंभाबाई चमकल्या, पण त्यांनी अडवलं नाही.

ठरल्या दिवशी सकाळी अर्धं गाव रस्त्यावर. खांबांना झेंडूची फुलं कोणी बांधली देव जाणे. दोर वर ताणलेला, त्याच्यामागे ताण्याचं टोक खळीने ओलं, उन्हात चमकत होतं. गल्लीत पंडित आणि रंभाबाई कुंचे घेऊन तयार. साहेब गल्लीच्या तोंडाशी काठी टेकून उभा. चौकातून घंटी ऐकू आली. ट्राम भरलेली, पुढच्याच बाकावर मोतीलाल शेठ, त्यांना मेलने मुंबईला जायचं होतं.

सगळ्यांनी घोड्यांचा विचार केला होता, उतारूंचा केला होता, टपाचा केला होता. घोड्यांच्या पुढे एक साळी चालत असतो याचा विचार कोणीच केला नव्हता. वामननेही नाही.

तो दोरापाशी आला आणि थांबला. मागे घोडे थांबले. घंटी हातात, पण वाजेना. वर ओला ताणा, भावाचा, नवरीच्या लुगड्याचा. बाजूला ओटा. ओट्यावर चढावं तर रूळ सुटतात, घोडे मागच्यासारखेच मोकळे सुटून या गर्दीत घुसणार. इथेच उभं राहावं तर गाडी अडली, मेल चुकणार, दोर बंद, गल्ली बसली. पुढे पाऊल टाकावं तर आपल्या हाताने भावाच्या कापडाला दोष लावायचा. एकदा त्याचा ताणा धुळीला मिळवला, आता हाही बाटवायचा? पाय जड झाले ते जमिनीत पुरल्यासारखे. गल्लीतल्या लोकांच्याही आत्ता ते ध्यानात आलं, आणि सगळी कुजबूज थांबली. मोतीलाल शेठ बाकावरून वाकून बघायला लागले. साहेबाने घड्याळ काढलं.

पंडित कुंचा हातात घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला. तो वामनच्या तोंडाकडे बघून बोलला, रंभाबाईंकडे नाही.

"वामन, जा खालून. ताणा माहा आहे, मी सांगून राहिलो."

"दादा, नवरीचं लुगडं आहे."

"माहीत आहे मले. चाल."

वामन चालला. घंटी वाजवत, त्याच त्याच्या चालीने, ओल्या ताण्याच्या दोराखालून गेला. मागून घोडे गेले, मग ट्राम गेली, टप आणि दोर यांच्यात चांगलं वीतभर अंतर राहिलं. मोतीलाल शेठनी खाली मान घालून डोळे मिटून घेतले होते. आपण काही पाहिलंच नाही, असं दाखवायची त्यांची ही पद्धत. दरवाज्याबाहेर पोचल्यावर वामन पायरीवर चढून बसला आणि लालबाग येईपर्यंत ढसढसा रडला. लीलाधर घोडे हाकत राहिला.

दोर राहिला. पुढे रोज सकाळी ट्राम ताण्याखालून जायची, आणि वर्षभरात पायी जाणारेही बिनदिक्कत खालून जायला लागले. दोषाचं काय झालं, ते लोकांनी सोयीने विसरून टाकलं. वामनने ती नोकरी ट्राम बंद पडेपर्यंत केली. पण हे पुढचं. त्या आठवड्यात काय झालं ते सांगायचं राहिलं.

मोतीलाल शेठ मुंबईहून परत आल्यावर लुगडं घ्यायला आले. त्यांची तयारी होती म्हणे, ते कोणाला काही सांगणार नव्हते, आणि तसे ते स्वतःच त्याखालून गेले होते. पण पंडितने लुगडं दिलं नाही. शेठ, तुमचं सूत मी भरून देईन, दुसरं विणून देईन, हे विकायचं नाही, असं तो म्हणाला. शेठने विचारलं, मग ठेवून काय करणार, नवरीला तर नेसवता येणार नाही. पंडितने लुगड्याची घडी घातली आणि ते रंभाबाईंकडे ट्रंकेत ठेवायला दिलं.

वामनचं लग्न राहिलं होतं. कंपनीच्या घंटीवाल्याला आणि भावाचा ताणा तुडवणाऱ्याला गल्लीत मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं. पंडित एक दिवस बहादरपूरला गेला, तिथल्या एका साळ्याच्या घरी बसला, चहापाणी न घेता सगळी हकीकत सांगितली, स्वतःच्या न बोलण्यासकट, आणि मुलगी ठरवून आला. लग्नात रंभाबाईंनी ट्रंकेतून ते लुगडं काढलं. मांडवातल्या म्हाताऱ्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने हळूच म्हटलंच, की अहो, ह्याच्याच खालून ट्राम गेली ना? पंडितने ते ऐकलं. तो पुढे आला, लुगडं स्वतःच्या हाताने नवरीच्या ओटीत घातलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हो. माह्या भावाने पार केलं आहे."